बागेतल्या कोळ्याची फुली

गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला, की एखाद्या सकाळी शाळेच्या किंवा घराच्या कुंपणाजवळ जरा थांबा. कोरांटीच्या झुडपात, घाणेरीच्या जाळीत किंवा घायपाताच्या काटेरी पानांमध्ये नीट निरखून पाहा. दोन फांद्यांच्या मध्ये हवेत तरंगत असल्यासारखी एक पांढरी फुली तुम्हाला दिसेल. चुकलेल्या उदाहरणावर गुरुजी तांबड्या शाईने काढतात ना, तशीच फुली. मात्र हिच्या रेषा सरळ नसतात, करवतीच्या दात्यांसारख्या नागमोडी असतात. आणखी जवळ गेलात तर फुलीच्या मधोमध डोके खाली करून बसलेला एक पिवळा-तपकिरी कोळी दिसेल आणि त्याच्याभोवती पसरलेले चाकासारखे गोल जाळेही उन्हात चमकेल.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. शिकारी आपला फासा गवतात लपवतो. गळ टाकणारा आकडा आमिषात दडवतो. सापळा जितका दिसेनासा, तितका चांगला. मग या कोळ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धाग्यांचे जाळे विणायचे आणि त्याच्याच मधोमध अशी ठसठशीत खूण करायची, हे कसे? सापळा लावायचा आणि वर ‘येथे सापळा आहे’ अशी पाटीही लावायची, असेच हे झाले!

प्रश्न सोपा वाटतो. पण शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ त्यावर विचार करीत आले आहेत. त्यांनी काय काय शोधून काढले ते पाहण्यापूर्वी आपण या कोळ्याची नीट ओळख करून घेऊ.

कोळी की कोळीण?

पुष्कळ मुले कोळ्याला किडा म्हणतात. पण कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग असतात, कोळ्याचे दोनच. पुढचा भाग म्हणजे डोके व छाती मिळून झालेले शिरोवक्ष आणि मागचा भाग म्हणजे उदर. कीटकाला मिशा असतात, बहुतेकांना पंखही असतात. कोळ्याला यांपैकी काहीच नसते. विंचू, गोचीड आणि कोळी हे एकाच अष्टपाद वर्गातले भाऊबंद आहेत.

आपल्या बागेतल्या या कोळ्याचे शास्त्रीय नाव ‘आर्जिओपे अनसुजा’. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८८७ साली प्रसिद्ध झाले. ती भारतात, पाकिस्तानात व श्रीलंकेतही आढळते. जाळ्यावरची फुली सहीसारखी वाटते म्हणून इंग्रजीत याला ‘सिग्नेचर स्पायडर’, म्हणजे सही करणारा कोळी, असे म्हणतात. आर्जिओपे वंशात जगभर ८०हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जाती जाळ्यावर अशी काही ना काही नक्षी काढतात.

जाळ्याच्या मध्यभागी बसलेला जो कोळी आपल्याला दिसतो, तो बहुधा नर नसतो. ती मादी असते. तेव्हा आपण तिला कोळीण म्हणू. तिच्या शरीराची लांबी ८ ते १२ मिलिमीटर, म्हणजे साधारण तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. शिरोवक्षावर रुपेरी पांढऱ्या केसांची दाट लव असते. उदर पंचकोनी ढालीसारखे असून त्यावर पिवळे, पांढरे व तपकिरी आडवे पट्टे असतात. पायांवरही फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक असतात. बसताना ती आपले आठ पाय दोन-दोन जोडून ठेवते. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला तिला चारच पाय आहेत असे वाटते. हे चार ‘जोडपाय’ फुलीच्या चार रेषांच्या बरोबर रोखाने ठेवलेले असतात. जणू फुलीच्या रेषा तिच्या पायांतूनच पुढे निघाल्या आहेत!

तिला आठ डोळे असतात. पण आठ डोळे असून दृष्टी मात्र अधू. समोर बसलेली माशी तिला डोळ्यांनी नीट ओळखता येत नाही. तिच्या रक्तात आपल्यासारखे लोहयुक्त तांबडे द्रव्य नसून तांबे असलेले द्रव्य असते, त्यामुळे ते निळसर दिसते. पोटाच्या खालच्या बाजूस तिची फुप्फुसे असतात. त्यांतले पातळ पडदे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात, म्हणून त्यांना पुस्त-फुप्फुसे म्हणतात. आणि उदराच्या शेवटी असतात ती तिची खरी हत्यारे: सूत काढणारी लहान लहान बोंडे.

एक कारखाना, सात मालाचा

कोळ्याचे सूत म्हणजे रेशीमच. पोटातल्या ग्रंथींमध्ये ते पातळ द्रवाच्या रूपात साठवलेले असते. बोंडांतून बाहेर ओढले जाताना त्याचा घट्ट धागा बनतो. पण कोळिणीच्या पोटात एकच ग्रंथी नसते. गोल जाळे विणणाऱ्या मादीच्या शरीरात सात प्रकारच्या ग्रंथी असतात आणि प्रत्येकीचा माल निराळा.

एका ग्रंथीतून जाळ्याच्या चौकटीसाठी आणि आऱ्यांसाठी मजबूत धागा निघतो. तेवढ्याच वजनाच्या पोलादी तारेशी तुलना केली तर हा धागा तारेपेक्षा बळकट ठरतो. दुसरीतून शिकार धरण्यासाठी लवचिक धागा निघतो. तो मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणला तरी तुटत नाही. तिसरीतून या लवचिक धाग्यावर लावायचा डिंक येतो. चौथीचा माल धागे फांदीला चिकटवण्याच्या कामी येतो. पाचवीतून विणकामाच्या वेळी लागणारा तात्पुरता धागा निघतो. सहावीचे रेशीम अंड्यांची पिशवी करण्यासाठी. आणि सातवीतून एकाच वेळी अनेक बारीक तंतूंचा पांढरा पट्टा निघतो. त्यानेच कोळीण शिकारीला गुंडाळते. आपली फुलीदेखील याच रेशमाची असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

जाळे कसे विणतात?

बहुधा पहाटेच्या अंधारात कोळीण कामाला लागते. पहिला प्रश्न असतो तो दोन फांद्यांमधली मोकळी जागा ओलांडण्याचा. तिला उडता येत नाही. म्हणून ती एका फांदीवर उभी राहून हलका धागा वाऱ्यावर सोडते. तो वाऱ्याने वाहत जाऊन पलीकडच्या फांदीला अडकला, की झाला पूल तयार. त्यावरून जाऊन ती तो बळकट करते.

मग पुलाच्या मध्यावरून ती खाली उतरते आणि धागा ताणून खालच्या एखाद्या डहाळीला बांधते. आता इंग्रजी वाय या अक्षरासारखा आकार होतो. तीन रेषा मिळतात तो जाळ्याचा मध्य. त्या मध्यापासून ती चौकटीपर्यंत एकेक आरा ताणीत जाते. बैलगाडीच्या चाकाला असतात तसे हे आरे. पण संख्येने बरेच अधिक.

आरे झाले की मध्यापासून बाहेर जाणारी एक विरळ चक्राकार रेघ ती घालते. ही रेघ चिकट नसते. गवंडी भिंत बांधताना बांबूची परांची बांधतो ना, तशी ही कोळिणीची परांची! तिच्यावर पाय ठेवीत कोळीण आता उलट दिशेने, म्हणजे बाहेरून आत, चिकट धाग्याची दाट फिरकी घालत येते. एक पाय पुढे टाकून ती शेजारच्या धाग्याचे अंतर जोखते आणि पुढचा धागा तेवढ्याच अंतरावर चिकटवते. काम संपेल तशी ती परांचीही काढून घेते. शेवटी मध्यभागी, चिकट फिरकीच्या आत, ती आपली फुली काढते आणि तेथेच डोके खाली करून बसते. एवढे सगळे काम साधारण तासाभरात आटोपते, आणि तेही अंधारात, केवळ स्पर्शाच्या आधाराने!

चिकट धागा भिंगातून पाहिलात तर गंमत दिसेल. डिंक सगळ्या धाग्यावर सारखा पसरलेला नसतो. त्याचे बारीक थेंब मोत्यांच्या माळेसारखे ओवलेले असतात.

ती स्वतः का चिकटत नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. त्याचे पहिले उत्तर असे की, जाळ्याचे आरे आणि मध्यभाग चिकट नसतात, आणि कोळीण शक्यतो त्यांवरूनच चालते. पण फिरकी घालताना तिच्या पायांना चिकट धागा शेकडो वेळा लागतोच. मग?

फ्रान्समधील प्रसिद्ध निरीक्षक झाँ आँरी फाब्र यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी कोळ्याचा पाय चिकट धाग्याला लावून पाहिला. तो चिकटला नाही. मग तेलकट पदार्थ विरघळवणाऱ्या कार्बन डायसल्फाइडमध्ये त्यांनी तो पाय धुतला आणि पुन्हा धाग्याला लावला. आता तो चिकटला! यावरून पायावर काहीतरी स्निग्ध लेप असावा, असे अनुमान त्यांनी काढले. फणस चिरण्यापूर्वी आपल्या घरी हाताला आणि विळीला तेल लावतात, तसाच हा प्रकार. पुढे २०१२ साली कोस्टारिकातील दोन शास्त्रज्ञांनी गोल जाळे विणणाऱ्या कोळ्यांचे पाय सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. लेप तर असतोच. शिवाय पायावरच्या बारीक केसांमुळे डिंकाचा फार थोडा भाग पायाला लागतो, आणि कोळी पाय उचलतो तोही डिंक अलगद सुटेल अशा बेताने, असे त्यांना दिसले.

जाळे हेच डोळे, जाळे हेच कान

दृष्टी अधू असूनही कोळिणीला शिकार कशी कळते? तिचे आठही पाय आऱ्यांवर टेकलेले असतात. पायांवर कंप ओळखणाऱ्या अतिशय नाजूक फटी असतात. जाळ्यात कोठेही काही धडपडले, की त्याचे कंप आऱ्यांवरून मध्यापर्यंत येतात. कोणत्या बाजूने आले, कितीसे मोठे आहे, जिवंत आहे की वाळके पान आहे, हे सारे तिला पायांनी समजते.

सी. व्ही. बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली याबाबत एक मौजेचा प्रयोग केला. त्याने नादकाटा वाजवून बागेतल्या कोळ्याच्या जाळ्याला हलकेच टेकवला. कोळी ताबडतोब त्या रोखाने वळला, धावत आला आणि माशी समजून चक्क नादकाट्याला बिलगला! उलट, जाळ्याला न लावता नादकाटा नुसता जवळ नेला, तर कोळी घाबरून धाग्याला लोंबकळत खाली उतरला. म्हणजे जाळ्यातून आलेला कंप हे जेवणाचे बोलावणे आणि हवेतून आलेला कंप हा धोक्याचा इशारा.

आपल्या कोळिणीची शिकारही पाहण्यासारखी असते. नाकतोडा जाळ्यात सापडला, की ती धावत जाते. पण लगेच चावत नाही. नाकतोड्याच्या पायांत जोर असतो, त्याची लाथ लागली तर तिचीच शंभरी भरायची! म्हणून ती जरा दूर राहूनच मागच्या पायांनी पांढऱ्या रेशमाचे पट्टे त्याच्यावर फेकते आणि त्याला गरागरा फिरवीत गुंडाळून टाकते. पुरते जेरबंद झाल्यावरच चावा.

फुलपाखरू किंवा पतंग सापडला तर मात्र क्रम उलटा होतो. त्यांच्या पंखांवरची भुकटी डिंकाला चिकटते आणि ते स्वतः निसटून जाऊ शकतात. तेथे वेळ दवडून चालत नाही. म्हणून आधी चावा, मग गुंडाळणे. पनामा देशात याच वंशातील एका कोळ्यावर मायकेल रॉबिन्सन या शास्त्रज्ञाने अनेक निरीक्षणे करून ही गोष्ट दाखवून दिली. एवढ्याशा जिवाला शिकार पाहून डावपेच बदलता येतात!

कोळिणीला चावून खाता येत नाही. ती शिकारीवर पाचक रस सोडते, आतला भाग पातळ करते आणि मग शोषून घेते.

काल विणले, आज खाल्ले

धूळ बसून, वाऱ्याने किंवा धडपडणाऱ्या कीटकांनी जाळे खराब होते. मग कोळीण ते गोळा करून खाऊन टाकते आणि त्याच जागी नवे विणते. रेशीम म्हणजे प्रथिन. ते वाया घालवणे तिला परवडत नाही. डेव्हिड पीकॉल या शास्त्रज्ञाने १९७१ साली किरणोत्सर्गी खूण केलेले रेशीम कोळ्याला खायला मिळेल अशी योजना केली. ती खूण थोड्याच वेळात नव्या जाळ्यात पुन्हा सापडली! जुन्या जाळ्यातला बहुतेक माल नव्यात वापरला गेला होता.

आपल्याकडे मुंडक उपनिषदात कोळ्याचा दृष्टांत आहे. कोळी जसा आपल्यातून धागा बाहेर काढतो आणि पुन्हा आत घेतो, तसे विश्व निर्माण होते, असा त्याचा आशय. संस्कृतात कोळ्याला ‘ऊर्णनाभ’ म्हणतात. धागा ‘पुन्हा आत घेतो’ हे ज्याने पाहिले, तो कधीतरी पहाटे जाळ्यासमोर बराच वेळ बसला असला पाहिजे.

फुली कशासाठी?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू.

जुन्या शास्त्रज्ञांना वाटले की, फुलीमुळे जाळ्याला बळकटी येते. म्हणून त्यांनी तिला ‘स्टॅबिलिमेंटम’, म्हणजे स्थिर ठेवणारी, असे नाव दिले. नाव टिकले, पण कल्पना टिकली नाही. कारण हा पट्टा जाळ्यावर सैलसर बसवलेला असतो. तो ताण घेतच नाही. शिवाय आणखी एक मुद्दा पाहा. रात्री जाळे विणून पहाटे ते गुंडाळणारे कोळी अशी नक्षी काढीत नाहीत. दिवसाउजेडी जाळ्याच्या मध्यभागी बसून राहणारे कोळीच ती काढतात. बळकटीची गरज तर रात्रीही असते! तेव्हा नक्षीचा संबंध बळाशी नसून दिसण्याशी असावा.

कोणाला दिसण्यासाठी? पहिला तर्क पक्ष्यांचा. पक्षी भरधाव उडत आला आणि त्याला जाळे दिसले नाही, तर जाळे फाटते आणि कोळिणीचे तासाभराचे श्रम व पोटातले रेशीम वाया जाते. काचेच्या मोठ्या दारावर कोणी आपटू नये म्हणून त्यावर पट्टी चिकटवतात, तशी ही फुली असेल काय? अमेरिकेतील टॉमस आयसनर आणि स्टीव्हन नोविकी यांनी १९८३ साली हे तपासले. नक्षी नसलेली काही जाळी त्यांनी तशीच ठेवली आणि काहींवर नक्षीसारख्या पांढऱ्या खुणा केल्या. उजाडून पक्ष्यांची ये-जा सुरू झाल्यावर खूण नसलेली जाळी भराभर मोडत गेली. खुणा केलेली मात्र बरीच टिकली.

प्रश्न सुटला असे वाटते ना? थांबा. १९९० साली कॅथरिन क्रेग आणि गॅरी बर्नार्ड यांनी निराळेच दाखवले. नक्षीच्या रेशमावरून जंबुपार किरण परावर्तित होतात. आपल्याला हे किरण दिसत नाहीत. पण मधमाश्यांसारख्या कीटकांना दिसतात, आणि कित्येक फुलांवरच्या खुणाही याच किरणांत उठून दिसतात. नक्षी असलेल्या जाळ्यांकडे अधिक कीटक ओढले जातात, असे त्यांना आढळले. म्हणजे फुली ही पाटी नव्हे, आमिष आहे!

मग १९९९ साली टॉड ब्लॅकलेज आणि जॉन वेन्झेल यांनी आर्जिओपेच्याच दुसऱ्या एका जातीची जाळी तपासली. तेथे नक्षीच्या जाळ्यात कीटक कमी सापडले. पण पक्ष्यांकडून होणारी मोडतोडही कमी झाली. म्हणजे कोळीण थोडे जेवण गमावते आणि त्या बदल्यात घर राखते. २००१ साली आणखी एक बाजू पुढे आली. कोळ्यांनाच खाणारा एक उडी मारणारा कोळी आहे. त्याची दृष्टी तीक्ष्ण असते. तो नक्षी पाहून जाळ्याकडे येतो, असे दिसले. म्हणजे फुलीने शत्रूला पत्ताही कळतो!

याखेरीज काहींचे म्हणणे असे की, फुली आणि जोडलेले पाय मिळून कोळिणीचा आकार ओळखू येत नाही आणि ती मोठी भासते. आणखी काहींनी लक्ष वेधले ते रेशमाकडे. शिकार गुंडाळायचे रेशीम आणि फुलीचे रेशीम एकाच ग्रंथीचे. पोटभर खाल्लेले कोळी नक्षी अधिक काढतात, असेही काही जातींत दिसले आहे. मग हा कारखाना चालू ठेवण्याचा एक मार्ग तर नसेल?

यांपैकी खरे कोणते? आजही सर्व शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. कदाचित एकाच जातीला एका जागी फुलीचा फायदा होत असेल आणि दुसऱ्या जागी तोटा. ज्या बागेत पक्षी फार, तेथे पाटी कामाची. जेथे कोळीखाऊ शत्रू फार, तेथे फुली न काढलेली बरी. गंमत अशी की, आपली कोळीणही रोज सारखी फुली काढीत नाही. आज चार रेषा, उद्या दोन, परवा एकही नाही. आणि या वंशातील अनेक जातींची पिल्ले फुलीऐवजी मध्यभागी गोल चकतीसारखी नक्षी काढतात. या बदलांतच उत्तर दडलेले असावे.

छोटा नर आणि उडणारी पिल्ले

नर कोठे असतो? त्याच जाळ्याच्या कडेला नीट शोधा. ४ मिलिमीटरचा, फिकट रंगाचा, दुसऱ्याच जातीचा वाटावा असा एखादा किरकोळ कोळी दिसेल. वयात आल्यावर नर शिकारीचे जाळे विणीत नाही. मादीच्या शोधात निघतो. मादीच्या जाळ्यावर पाऊल ठेवताना त्याला जपावे लागते, कारण तिला सगळे कंप सारखे वाटले तर त्याची गणना माशीत व्हायची! म्हणून तो विशिष्ट ठेक्यात धागे छेडीत येतो. तरीही या वंशातील पुष्कळ जातींत मीलनानंतर मादी नराला खाऊन टाकते.

पुढे मादी रेशमाची घट्ट पिशवी विणून तीत शेकडो अंडी घालते आणि ती पानाआड टांगून ठेवते. हंगाम संपता संपता ती मरते. पिल्लांना आई पाहायला मिळत नाही. जाळे विणायला त्यांना कोणी शिकवीत नाही. ते ज्ञान उपजतच असते.

सगळी भावंडे एके ठिकाणी राहिली तर खायला पुरणार नाही. म्हणून पुष्कळ पिल्ले उंच टोकावर चढतात, पोट वर करतात, बारीक धागा हवेत सोडतात आणि त्याच्या आधाराने उडून जातात. १८३२ साली चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने प्रवास करीत होता. किनारा ६० मैल दूर असताना जहाजाच्या दोरखंडांवर असंख्य लहान कोळी येऊन उतरले, अशी नोंद त्याने केली आहे. २०१८ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दाखवले की, या उड्डाणात वाऱ्याबरोबर हवेतील विद्युत क्षेत्राचाही हात असतो. वारा नसलेल्या पेटीत केवळ विद्युत क्षेत्र निर्माण केल्यावरही लहान कोळी उडण्याचा पवित्रा घेतात.

झाडू उचलण्यापूर्वी

अंगावर चट्टा किंवा पुरळ उठले की ‘कोळी फिरला असेल’ असे घरोघर म्हणतात. पावसाळ्यात उठणारे असे कित्येक चट्टे प्रत्यक्षात एका तांबड्या-काळ्या बारीक भुंग्याच्या रसामुळे उठतात; तो दिव्याकडे येतो आणि अंगावर चिरडला जातो. दोष मात्र कोळ्याला! आपली फुलीवाली कोळीण माणसाच्या वाटेला जात नाही. जाळ्याला धक्का लागला तर ती जाळे गदागदा हलवते, नाहीतर टपकन खाली गवतात उतरते. तिला हाताने पकडू नका, म्हणजे झाले. पक्षी, कोळीखाऊ कोळी आणि मातीच्या घरट्यात कोळी भरून ठेवणारी कुंभारीण माशी असे तिचे शत्रू आधीच पुष्कळ आहेत. त्यांत आपल्या झाडूची भर नको.

त्याऐवजी एक वही घ्या. रोज ठरावीक वेळी जाळ्याजवळ जा आणि लिहा: तारीख, फुलीच्या रेषा किती, जाळे कोठे फाटले, शिकार कोणती सापडली, आदल्या दिवशी पाऊस होता का, कोळीण जागेवर आहे का. जाळ्यामागे काळा पुठ्ठा धरलात तर धागे स्पष्ट दिसतील; आरे मोजता येतील. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा गुरुजींच्या परवानगीने नेऊन बॉइजचा प्रयोग करून पाहा. ती धावत येते, की जाळे हलवते? महिनाभर नोंदी ठेवल्यावर विचारा: ज्या दिवशी चार रेषा होत्या, त्या दिवशी जाळे कमी मोडले का? शिकार जास्त मिळाली का?

अशा प्रश्नांना मोठ्या यंत्रांची गरज नसते आणि मोठ्या वयाचीही नसते. वजनरहित अवस्थेत कोळी जाळे विणू शकेल का, असा प्रश्न अमेरिकेतील ज्यूडिथ माइल्स या शाळकरी मुलीला पडला. तिची ही सूचना स्वीकारली गेली आणि १९७३ साली ॲराबेला आणि ॲनिटा नावाच्या दोन बागेतल्या कोळिणी ‘स्कायलॅब’ या अवकाश-प्रयोगशाळेत गेल्या. त्यांची पहिली जाळी वेडीवाकडी झाली. पण थोड्याच दिवसांत त्यांनी नीट गोल जाळी विणली.

तुमच्या कुंपणातला प्रश्न तर त्याहून जवळ आहे. गुरुजींची फुली म्हणजे ‘उत्तर चुकले’. कोळिणीच्या फुलीचा अर्थ मात्र ‘उत्तर अजून पुरते सापडलेले नाही’ असा आहे. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन पाहा: किती रेषा आहेत?